पत्ता आधीच भरलेला

११ जानेवारी १९९९, सोमवार. कुपवाड

वाळूवाल्यानं नानासोंना सहा डायऱ्या दिल्या. त्यातली शेवटची, कोपरा भिजलेली, मला मिळाली. खोलीवरचा जोडीदार गुंडा म्हणतो, तुझ्या डायरीत काय असणार रं, भात खाल्ला आन साचे पुसले. तरीपण लिहितोय. आठवी नापास असलो तरी हात मोडलेला नाही.

पहिल्या पानावर स्वतःची माहिती भरायची असते. नाव वीरधवल. गाव औंधाच्या पुढं चार मैल. आबा फौजेतून हवालदार होऊन आले. मी भरतीला तीनदा उभा राहिलो आणि तिन्ही वेळा छाती कमी भरली, म्हणून नाव सांगितलं की लोक हसतात. मग टेम्पोवर क्लीनर, साताऱ्याला हॉटेल, कराडला बेकरी. आई म्हणते, ह्याच्या बुडाखाली निखारा हाय. आता दिवाळीपासून इथं नानासोंच्या फाउंड्रीत. पंपाचे भाग ओततात. मी लाकडी साच्यांच्या खोलीत. दीडशे खोकी आहेत, प्रत्येकाला पाटी. पाटीवर खडूनं ज्या कंपनीचं नाव ते खोकं त्या कंपनीचं. नाव पुसून दुसरं लिहिलं की खोकं दुसऱ्याचं. एवढंच काम. दुपारी दोनपर्यंत संपतं आणि मग मला बसवत नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

तिळगूळ द्यायला ऑफिसात गेलो आणि तासभर तिथंच थांबलो. नीलिमा मॅडम कॉम्प्युटरवर असतात. कवठे महांकाळच्या, रोज एसटीनं येतात. एवढ्या लांबून येऊन सगळ्यांच्या आधी हजर. चहाचा कप त्यांचा स्वतःचा आहे, खिडकीत पालथा असतो. ऑफिसातल्या कपातून पीत नाहीत. शिकलेल्या माणसाला स्वच्छता लागते.

त्यांनी एक गंमत दाखवली. सगळ्या गिऱ्हाइकांची त्यांनी पडद्यावर कार्डं केलीत, एकशे बेचाळीस. कार्डावर वर कंपनीचं नाव, खाली गाव, फोन, शेवटी ई-मेलचा पत्ता. बाजूला पाकिटाचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की कोरं पत्र उघडतं आणि ज्याला जायचं त्याचा पत्ता वर आधीच भरलेला असतो. आपण लिहायचा नाही. मी म्हणालो, म्हणजे पोस्टमन आतच बसलाय. त्या लय हसल्या.

"दाबून बघायचंय?"

मी दाबलं.

"अरे हळू! बटण आहे ते, घण नव्हे."

२१ जानेवारी, गुरुवार

आता रोज दोननंतर जातो. नानासो जेवायला घरी गेलेले असतात, चारला येतात. कॉम्प्युटरला बाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही असं त्यांचं सांगणं आहे, म्हणून हे आमच्या दोघांतच. मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. बाई म्हणाल्या, बटणाला वाचता येतं, तुला नाही आलं तरी चालेल. पण शीक.

साचे पुसताना आज गाणं म्हणत होतो. गुंडा म्हणाला, लक्षण बरं न्हाई गड्या.

२८ जानेवारी, गुरुवार

आज मी एकट्यानं पत्र पाठवलं!

बाईंना मिरजेला कसल्यातरी सरकारी परीक्षेचा अर्ज भरायचा होता, आज शेवटचा दिवस. नानासो रजा देत नाहीत. मला म्हणाल्या, "वीरधवल, साडेतीनला कृष्णाई पंपवाल्यांचा फोन येईल. ड्रॉइंग पाठवा म्हणतील. फाइल इथं आहे, पिनेच्या चित्रावरून जोडायची, मग पाठवायचं. कृष्णाईचं कार्ड, बटण, पिन, पाठव. जमेल?" मी म्हणालो, जावा तुमी बिनघोर.

कृष्णाईच्या नव्या पंपाचं ड्रॉइंग होतं. ओतताना कुठं अडचण येईल ते आमच्या मिस्त्रींनी लाल पेनानं दाखवलंय, म्हणून त्यांना परत पाठवायचं. बाहेर कुणाला दाखवायचं नाही, असा कागदच झालाय म्हणे.

फोन आला. पहिलं कार्ड समोर होतं, अंबिका इंजिनिअर्स. कृष्णाईपर्यंत बाण दाबत दाबत जायला लागतं, एकेक कार्ड मागं पडत जातं. त्यात फोनवाला घाई करायला लागला. मला एकदम सुचलं. नावाच्या चौकटीतलं अंबिका पुसलं आणि तिथं कृष्णाई लिहिलं, ड्रॉइंगवरची अक्षरं एकेक बघून. खोक्यावर लिहितो तसं. झालं कार्ड कृष्णाईचं! बटण दाबलं, पत्र उघडलं, वर पत्ता हजर. ड्रॉइंग जोडलं, फोनची लाइन लावली, किर्रर्र झालं आणि गेलं.

बाई उगीच बाण दाबत बसतात. त्यांना सांगायचंय, पण उद्यापासून दोन दिवस मी माल घेऊन इचलकरंजीला.

३ फेब्रुवारी, बुधवार



सकाळी कृष्णाईचे मालक जीप घेऊन आले, खाली उतरायच्या आधीच ओरडत. आमचं ड्रॉइंग अंबिकावाल्याच्या टेबलावर कसं? अंबिका आणि कृष्णाई एकमेकांच्या जिवावर उठलेले. नानासोंनी बाईंना बोलावलं. मी दारातच होतो, साच्याचं झाकण हातात घेऊन.

बाईंनी पाठवलेल्या पत्रांची यादी उघडली. अठ्ठावीस तारीख, तीन छत्तीस. पत्ता अंबिकाचा. मग कार्डं उघडली आणि त्या बघतच राहिल्या.

"इथं कुणीतरी नाव बदललंय," त्या म्हणाल्या. "कार्ड अंबिकाचंच आहे. खालचा पत्ता, फोन, सगळं अंबिकाचं. फक्त वरचं नाव कृष्णाईचं केलंय."

तेव्हा मला कळलं. नुसती पाटी बदलली होती, आतला माल तोच.

नानासो म्हणाले, "कोन बदलनार? तूच. पत्र धाडलंस आन वर अंबिकाचं नाव पुसून टाकलंस. कुनाच्या सांगण्यावरनं केलंस ते बोल."

"मी तेव्हा ऑफिसात नव्हते."

"मग कुटं हुतीस?"

"मिरजेला."

"कुनाला इचारून? आन तू न्हवतीस तर धाडलं कुनी?"

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी झाकणाकडं बघितलं. झाकणाला एक गाठ होती, मी ती गाठ बघत राहिलो. बाईंनी यादी बंद केली.

मला कुणी विचारलंच नाही. दहा पावलांवर उभा होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

हे वरचं वाक्य खोटं असू शकतं. खोडत नाही, राहू दे.

बाईंना तिथल्या तिथं काढलं. त्या गेल्यावर नानासो मिस्त्रींना म्हणाले, "ह्यास्नी वर बशिवलं की ह्ये असं हुतंय." ह्यांना म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना असणार.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

कप खिडकीत तसाच आहे. पालथा.

मी सांगितलं तर बाईंनीच मला शिकवलं हे उघडं पडेल. म्हणजे त्यांचा दोष वाढेलच. म्हणून गप्प बसणं हे एका परीनं त्यांच्याच भल्याचं. असं सकाळपासून स्वतःला समजावतोय. दुपारी गुंडाला न राहवून सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"तिनं तुजं नाव का घेतलं न्हाई?"

"काय माहीत."

"आन तू तुजं?"

मी उठून हात धुतले. जेवलो नव्हतोच.

९ फेब्रुवारी, मंगळवार

नानासोंनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, कळलं. तर म्हणाले, बस. खुर्चीवर बस.

"तू त्या बाईच्या मागं हुबा राहून बघायचास म्हनं. येतं का त्ये यंत्र चालवाया?"

"थोडं थोडं."

"औंधाकडचा न्हवं तू? आबा फौजंत हुतं. आपल्या मानसातला हायस, तुज्यावर इस्वास टाकाय काय हरकत न्हाई. उद्यापास्नं साचे सोड. हितं बसायचं."

आता सांगायचं, असं मनात होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून "बरं साहेब" एवढंच आलं. बाहेर येताना मला आनंद झाला होता. खरं लिहायचं म्हणून लिहितो, पाचेक मिनिटं मला आनंद झाला होता. आबांना पत्र टाकायचं ठरवलं, की ऑफिसात बसतो म्हणून.

१० फेब्रुवारी, बुधवार

खुर्ची त्यांच्या उंचीला बसवलेली आहे. माझे गुडघे टेबलाला लागतात. खालचा दांडा ओढला की खुर्ची खाली होते. ओढला नाही.

अंबिकाचं नाव परत लिहून ठेवलं. आता काय उपयोग.

१३ फेब्रुवारी, शनिवार

नानासोंनी एक फ्लॉपी दिली. टायपिंगवाल्याकडून इंग्रजीत पत्र लिहून आणलं होतं, आठ-दहा ओळींचं. "ह्ये सगळ्या गिऱ्हाइकास्नी गेलं पायजे, एकूनेक. आजच्या आज." मी विचारलं, काय आहे? म्हणाले, आपली खबरदारी.

मी कामाला लागलो. कार्ड, बटण, पत्र उघडतं, वर पत्ता हजर. ते लिहिलेलं आत चिकटवायचं, पाठव. पुढचं कार्ड. हात बसला. वीस झाली, चाळीस झाली. शेजारी कागदावर उभ्या रेघा ओढत होतो, मोजायला. वाटलं, बाईंनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, घण नाही मारलास आज. वाटलं आणि त्याच वेळी डोळा पत्रावर पडला, चौथ्या ओळीवर. एक शब्द मोठ्या अक्षरात होता. वेळ होता म्हणून अक्षरं लावत बसलो. एन. आय. एल. आय. एम. ए.

खाली परत एकदा तोच शब्द.

मी पत्र कागदावर छापून काढलं आणि गेटवर सुरक्षेला असलेल्या माणसाकडं गेलो, तो बारावी आहे. त्यानं वाचून सांगितलं. आमच्या ह्या नावाच्या ऑपरेटरनं गिऱ्हाइकाचं गुपित विकलं, म्हणून तिला काढलं. तुमच्याकडं कामाला आली तर सावध राहा.

रेघा मोजल्या. त्रेसष्ट. पुढची पाठवली नाहीत.

त्रेसष्ट ठिकाणी मी स्वतःच्या बोटानं पोचवलं. काय लिहिलंय ते न वाचता. पहिल्या खेपेला निदान चूक होती. ह्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नानासो आल्या आल्या केबिनमध्ये शिरलो. बसलो नाही. सगळं सांगितलं. अठ्ठावीस तारीख, बाण, चौकट, अंबिका पुसलं ते. एका दमात.

नानासोंनी चष्मा काढला. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हसायला लागले.

"आरं लेका! पाटी समजून पुसलंस व्हय?" मिस्त्रींना हाक मारली. "मिस्त्री, ऐका ह्येचं!" दोघं हसले. मिस्त्रींनी मला चहा द्यायला सांगितला.

"साहेब, मग बाईंना परत बोलवायचं ना?"

"कशापायी?"

"त्यांनी काय केलं नाही."

"न इचारता गेली ती मिरजेला. आन आता पत्रं गेल्यात. मागं घेतली तर शेंबडं पोरगंबी मला हसंल. तू पोर हायस, चुकलास, झालं. जा, राहिल्याली पत्रं धाड."

त्याच चुकीला तिला काढलं आणि मला चहा पाजला. हे मी दिवसभर उलटंसुलटं करून बघतोय. काहीतरी आहे ह्यात, जे सगळ्यांना दिसतं आणि मला नीट दिसत नाही. गुंडाला विचारलं. तो म्हणाला, "तुला खरंच कळत न्हाई का कळून घ्यायचं न्हाई?" आणि कूस बदलली.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

नानासो जेवायला गेले. मी बसलो. इंग्रजी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. अर्धा तास लागला.

चूक माझी आहे. नीलिमा बाईची नाही. ड्रॉइंग मी चुकीच्या पत्त्यावर पाठवलं. आधीचं पत्र खोटं आहे. वीरधवल, साचे खाते.

मग पहिलं कार्ड. बटण. चिकटव. पाठव. त्रेसष्ट झाली तेव्हा थांबलो नाही. म्हटलं सगळ्यांना कळू दे, एकही राहायला नको. पुढची एकोणऐंशीसुद्धा पाठवली. शेवटचं येरळा व्हॉल्व्ह. पावणेचार झाले होते. खुर्ची आत सरकवली, खिडकीतला कप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाहेर पडलो. माझी मला गेटपर्यंत छाती भरून आल्यासारखी वाटली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

कवठे महांकाळला गेलो. स्टँडवर बाईंच्या वडलांचं नाव घेऊन विचारलं, धोंडिराम गवंड्याचं घर. विहाराच्या मागं, पत्र्याचं. ओट्यावर बाईंची आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. आक्काताई.

"कोन रं तू?"

"कुपवाडास्नं आलोय. वीरधवल."

शेंगा तशाच राहिल्या. आक्काताई उठल्या आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं धरला. धरून बघत राहिल्या, माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. मला लय तहान लागली होती. तांब्या संपवला आणि म्हणालो, आक्का, आणि द्या. त्यांनी दुसरा आणला. मग आत हाक मारली, "नीलू, तुज्या हाफिसातला आलाय गं."

बाई बाहेर आल्या. मी कप दिला. त्यांनी तो वर्तमानपत्रासकट ओट्यावर ठेवला. मी सगळं सांगितलं, शेवटी पत्रांचंसुद्धा. मला वाटलं होतं त्या काहीतरी चांगलं बोलतील.

"सगळ्यांना पाठवलंस?"

"एकशे बेचाळीस. एक नाही सोडलं."

"नानासोंचं त्रेसष्टांना गेलं होतं."

"व्हय."

"मग एकोणऐंशी जणांना काही माहीतच नव्हतं, वीरधवल. त्यांना तू सांगितलंस."

मी तिथंच खाली बसलो.

"येरळा व्हॉल्व्हमध्ये मला सोमवारी मुलाखतीला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना नानासोंचं गेलं नव्हतं ना? आता तुझं गेलंय. पहिला प्रश्न हाच येईल, कसली चूक आणि आधीचं कसलं पत्र."

"तुम्ही त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही?"

"तू दारात उभा होतास. मला वाटलं, घेशील." पुढं म्हणाल्या, "आणि मी घेतलं असतं तर नानासोंनी कुणाचं खरं मानलं असतं?"

आक्काताई मधेच म्हणाल्या, "आता रडतोय कशाला त्यो? रडून गेलेलं पत्तर परत येतं का?" मी रडत नव्हतो. म्हणजे होतो.

"भरपाई कशी करू सांगा."

"पत्रानं नको," बाई म्हणाल्या. "सोमवारी दहाला येरळाच्या गेटवर ये. तोंडानं सांग. आणि सगळं सांग, मी न विचारता मिरजेला गेले तेसुद्धा. उगाच मला सोवळी करू नकोस."

निघताना परत अहो-जाहो केलं तर म्हणाल्या, ते आता सोड.

२० फेब्रुवारी, शनिवार

गुंडाच्या खोलीवरच आहे. नानासोंनी निरोप धाडला, पोरानं खुळेपणा केला तरी परत ये म्हणावं, साचे बघ. अजूनसुद्धा माफच करतायत. गेलो नाही.

आबांना पत्र टाकलं. ऑफिसात बसतो हे लिहिलं नाही. जे झालं ते लिहिलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

येरळा व्हॉल्व्हच्या गेटासमोरच्या कट्ट्यावर बसून लिहितोय.

दहाला पाच कमी असताना ती आली, निळी साडी, हातात फाइल. एवढंच म्हणाली, "हळू बोल. एका दमात बोललास की खोटं वाटतं."

आत संयोगिता मॅडम म्हणून आहेत, मालकांची सून, त्याच सगळं बघतात. मला आधी बोलावलं. माझं पत्र त्यांनी छापून टेबलावर ठेवलं होतं.

"हे तुमचं?"

"व्हय."

"शिक्षण?"

"आठवी नापास."

"मग तिनं तुम्हाला कॉम्प्युटरवर का बसवलं?"

इथं मी अडखळलो. रस्त्यात दहा वेळा मनाशी घोकलं होतं, पण हे सांगितलं की तिचं जाईल असं वाटलं. मग सांगितलं. अर्जाचा शेवटचा दिवस, रजा मिळत नाही, मिरज, साडेतीनचा फोन. माझी चौकट. मी दारात उभा राहिलो ते. तिच्या खुर्चीवर बसलो ते. न वाचता त्रेसष्ट पाठवली ते. हळू बोललो. एवढं हळू मी आयुष्यात बोललो नव्हतो.

मॅडम लिहून घेत होत्या. शेवटी विचारलं, "आणि हे सगळं ती तुम्हाला सांगायला लावतीय का?"

"मिरजेचं सांग, असं तिनं सांगितलं. मी सांगणार नव्हतो."

त्यांनी पेन ठेवलं. "बरं. तुम्ही जा. तिला पाठवा."

दारात ती आणि मी समोरासमोर आलो. तिनं विचारलं, मिरजेचं? मी मान हलवली. ती आत गेली आणि दार लागलं.

गेटवरचा माणूस आता म्हणतोय, "आवं, तुमचं काम झालं न्हवं? मग हितं कशाला बसलाय उन्हात?"

मी म्हणालो, माझं नाही झालं अजून.

अकरा वाजून गेले. ती आतच आहे.